तेरवीला न झालेली गंमत

दौलतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पितळी कळशीवर नाव घालत होतो. वर्ध्यात माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि लग्नसराईत निम्मा दिवस नावं घालण्यातच जातो. मामांकडून, आत्याकडून, मित्रमंडळाकडून सप्रेम भेट… काउंटरवर फोन थरथरायला लागला. पडद्यावर प्रशांतचं नाव. प्रशांत हा दौलतभाऊंचा एकुलता मुलगा, पुलगावला नोकरी करतो. वडील दवाखान्यात भरती झाल्यापासून तो मला संध्याकाळी फोन करायचा. हा सकाळी आला होता. काय असणार ते मला कळलं, आणि तरी मी मशीन बाजूला ठेवलं नाही. 'भेट' हा शब्द पुरा केला, कळशी फडक्याने पुसली, गिऱ्हाइकाला दिली, आणि मग फोन लावला. "काका, बाबा गेले," प्रशांत म्हणाला. मी म्हणालो, निघतो. दुकानाचं शटर ओढताना माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दवाखान्यात मी त्यांना एक शब्द दिला होता आणि आता तो पाळायची वेळ आली, एवढंच डोक्यात होतं.

या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहून द्या, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी दोनदा टाळलं. गुरुजी म्हणून ते किती चांगले होते हे सांगणारे त्यांचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. मी लिहायचं तर मला त्यांच्या तेरवीबद्दल लिहावं लागेल, आणि त्या दिवशी मी जे केलं ते अजून माझ्या घरातही सांगितलेलं नाही. शेवटी असं वाटलं की घरी बोलून सांगायची हिंमत नाही, तर निदान लिहावं.

दौलतभाऊ नात्याने माझे कोणी नव्हते. आमचं गाव हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आमचं किराण्याचं दुकान आणि त्यांचं घर यांच्यात एक भिंत होती, तिलाही मधे खिंडार पडलेलं, त्यातून दोन्ही घरांची माणसं ये-जा करायची. ते माझ्याहून बरेच मोठे. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा ते शिक्षक व्हायचं शिक्षण घेत होते, आणि त्याच वर्षांत आजूबाजूच्या गावांमध्ये त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने झालेलं होतं. ते गंमतीत नाचायचे. लुगडं नेसून, अंबाडा घालून, पायात घुंगरू बांधून. ज्यांनी गंमत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गंमत म्हणजे नुसती मौज नाही, तो एक खेळ आहे. रंगमंच नसतो, पडदा नसतो. लोक गोल करून बसतात आणि मधल्या मोकळ्या जागेत पार्टी उभी राहते. शाहीर डफ वाजवत ओळ टाकतो, त्याच्या मागे उभे असलेले झिलकरी त्या ओळीचा शेवट उचलून धरतात, बाईच्या वेषातला नाच्या नाचतो, सोंगं येतात, टोमणे मारले जातात, कोणालाही सोडलं जात नाही. सगळं उभ्याने चालतं म्हणून तिला खडी गंमत म्हणतात.

नोकरी लागल्यावर दौलतभाऊंनी लुगडं सोडलं, पण पार्टी सोडली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि सुट्टीत शाहीर. डफावर श्रावणबुवा असायचे, शेजारच्या गावचे, हाडं वर आलेला उंच माणूस, बोलणं कमी. मी लग्न होऊन वर्ध्याला दुकान टाकेपर्यंत काही वर्षं त्यांच्या मागे झिलकरी म्हणून उभा राहिलो. माझा आवाज बरा होता असं नाही. दौलतभाऊ म्हणायचे, "सुरेश, तू फक्त शेवट सोडू नोको. माहा दम तिथंच सरते." ओळ संपता संपता त्यांचा श्वास संपायचा, तेवढ्यात आम्ही शेवट धरला की त्यांना पुढची ओळ घ्यायला उसंत मिळायची. एवढंच माझं काम.

शाळेत त्यांना शब्दांचा नाद होता. सातवीच्या वर्गात ते मुलांना आनंदाचे शब्द सांगायला लावत आणि मग एकेका शब्दाचं गाव शोधत. मजा हा शब्द फारशीतून आला, त्याचा मुळातला अर्थ चव. मौजही तिकडूनच आली, आणि तिचा अर्थ लाट. मुलांना ते विचारायचे, चव कुठे राहते? जिभेवर. किती वेळ? पाणी पिईपर्यंत. आणि लाट? तिचं येणं आणि जाणं एकच. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात गंमत लिहायचे आणि विचारायचे, हा शब्द कुठला? पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले एक मुख्याध्यापक एकदा वर्गाच्या दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, गुरुजी, गंमत म्हणजे थट्टामस्करी, त्यात शोधायचं काय. दौलतभाऊ त्या दिवशी आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून मला पुन्हापुन्हा म्हणत राहिले की आपण रोज म्हणतो, मले गमत नाई. पोरगी सासरी गेली की म्हणते, तिथं गमत नाई. म्हातारा एकटा पडला की म्हणतो, घरी गमत नाई. गमणं म्हणजे वेळ जाणं, जीव लागणं, आहे त्या जागी असावंसं वाटणं. गंमत तिथूनच निघाली असेल. "ज्याच्यानं गमते, ते गंमत. हसू येवो का नाई येवो."

मी नंतर एकदा वाचनालयात जाऊन जाड कोश काढून पाहिला. अर्थ मिळाला, पण दौलतभाऊंचं म्हणणं खरं की खोटं याचा माझ्या डोक्यात निकाल लागेल असं काही मला सापडलं नाही. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, कोशवाल्यायले कोनी बलावलं असन का तसल्या घरी? त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं, कारण ती हकीकत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली होती.

ते विशीच्या आत असतानाची गोष्ट. जंगलाकडच्या एका गावात एका शेतकऱ्याचा तरणा मुलगा विहिरीत पडून गेला होता. तेराव्यापर्यंतचे सगळे दिवस झाले, पाहुणे परत गेले, आणि मग त्या घरात कोणी कोणाशी बोलेना. बाई चूल पेटवायची, भाकरी टाकायची, पण ताटं मांडल्यावर कोणी पुढे येत नसे. शेवटी त्या मुलाच्या बापाने पार्टीला निरोप पाठवला. घर गमून नाई राह्यलं, तुमी या. गावातल्या लोकांनी त्याला नावं ठेवली. पार्टीतल्या दोघांनी तर यायलाच नकार दिला. बाकीचे गेले. उन्हं उतरल्यावर अंगणात उभे राहिले. दौलतभाऊ लुगडं नेसून नाचले. समोर घरची सात-आठ माणसं बसलेली, एकही चेहरा हलेना. ते सांगायचे, मी जन्मात तेवढा कधी भ्यालो नाही, घुंगराचा आवाज मलाच शिवीसारखा वाटू लागला. मग सोंग आलं, सासूवर रुसलेल्या जावयाचं. आणि घराच्या आतून, दाराआडून, बाईच्या हसण्याचा एक आवाज आला. एकदाच. लगेच ती रडायला लागली, मोठमोठ्याने, आणि मग अंगणातली सगळी माणसं रडली. पार्टी थांबली. तर तो बाप उठून हात जोडून म्हणाला, थांबू नोका. "तवा मले समजलं," दौलतभाऊ म्हणायचे, "सुखात असलेल्या मानसाले गंमत काहाले पाह्यजे? त्याचा वेळ तसाच जाते."

नाच्या असण्याची किंमत त्यांनी पुढे चुकवली. शिक्षक म्हणून बढतीच्या वेळी कोणीतरी कुजबुजलंच. प्रशांतला शाळेत पोरं चिडवायची, नाच्याचा पोट्टा म्हणायची, आणि तो घरी येऊन दप्तर फेकायचा हे मी त्या भिंतीच्या खिंडारातून पाहिलेलं आहे. तो मोठा झाला, नोकरीला लागला, वडिलांशी नीट वागला, पण पार्टीचा विषय त्याने कधी काढला नाही. त्यामुळे मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं की या मुलाला गंमतीची लाज वाटते. ठरवताना त्याला विचारलं नव्हतं.

दौलतभाऊंची फुप्फुसं गेली होती. ज्या माणसाचा दम हेच त्याचं हत्यार होतं त्याला जिना चढवेना, मग चालवेना, मग बोलवेना. वर्ध्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून ते उशांना टेकून बसलेले असायचे, कारण आडवं झालं की गुदमरायचे. शेवटच्या भेटीत त्यांच्या पत्नी, पंचफुला वहिनी, चहा आणायला खाली गेल्या होत्या. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"माह्या तेरवीले… भजन नोको ठेवजो."

मी म्हणालो, असं काय बोलता भाऊ, बरे होऊन घरी जाणार आहात. त्यांनी हात हलवला, जणू वर्गातल्या पोराने चुकीचं उत्तर दिलं होतं.

"गंमत ठेवजो. श्रावणले सांगतलं मी… तू पाह्यजो फक्त."

मला हसू आलं. खरं सांगतो, हसू आलं. तेरवीला गंमत, त्या दोन शब्दांची जोडीच तशी होती. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, हसतो काऊन लेका? मग थोडा श्वास गोळा करून म्हणाले, "तुह्या वहिनीले गमनार नाई रे…" मी म्हणालो, ठेवतो भाऊ, तुम्ही काळजी करू नका. दवाखान्यात आजारी माणसाला आपण जे म्हणतो ते. हो म्हणायला त्या वेळी काही लागत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. ते समाधानाने मिटले की थकून, हे मला सांगता येणार नाही. वहिनी चहा घेऊन आल्या आणि आम्ही तिघं पावसापाण्याचं बोललो.

तेरवीची जबाबदारी प्रशांतने माझ्यावर टाकली होती. स्वयंपाकी मी ठरवला, वाटायची ताटं माझ्याच दुकानातली, प्रत्येक ताटावर दौलतभाऊंचं नाव मी माझ्या हाताने घातलं. ते करताना रोज वाटायचं, आज प्रशांतशी बोलू. मग वाटायचं, वहिनींशी बोलू. त्या माणसाला जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि मी त्यांच्यापुढे जाऊन म्हणू, अंगणात डफ वाजेल, कोणी बाईचं सोंग घेईल, लोक हसतील? अशी मी माझी समजूत घालत होतो. यात वहिनींची काळजी होती, पण तेवढीच नव्हती. त्याखाली दुसरं होतं, ते आज लिहितो. वर्ध्याहून बाजारातले व्यापारी येणार होते. मी त्यांच्यात ऊठबस करतो, त्यांच्या समितीत मला खुर्ची आहे. गंमत उभी राहिली तर श्रावणबुवा मला मागे उभं राहायला बोलावणार, झील धरायला. आणि हे सगळे लोक वर्ध्यालगत सिंदी मेघेच्या बंगलीत राहणाऱ्या, सोन्याच्या फ्रेमचा चष्मा लावणाऱ्या मला तोंड वासून जी जी करताना पाहणार. लाज प्रशांतला नव्हती, मला होती. मी ती त्याच्या नावावर टाकली.

तेरवीच्या सकाळी मी गावी पोचलो तेव्हा बिछायतवाल्याची पोरं मांडव घालून खुर्च्या लावत होती. मधोमध एक चांगला मोठा चौकोन रिकामा होता. मी त्या पोरांवर ओरडलो, एवढी जागा वाया काऊन घालवता, पाहुणे उभे राहतील का? त्यांच्यातला एक म्हणाला, प्रशांतभाऊनं सांगतलं. मी म्हणालो, मी सांगतो ना, भरा. त्यांनी खुर्च्या भरल्या. ती जागा प्रशांतने मुद्दाम सोडायला लावली होती. त्याला वडिलांनी सांगून ठेवलं होतं की सुरेशकाका गंमतीचं पाहतील, तू फक्त जागा ठेव. हे तो मला नंतर म्हणाला. आणि त्या दिवशी का बोलला नाही असं मी विचारल्यावर म्हणाला, "मले वाटलं तुमचं अन् बुवाचं काही ठरलं असन. मोठ्या मानसाले काय इचारू, काका?" त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

श्रावणबुवा दोघा जुन्या साथीदारांना घेऊन आले, एक ढोलकीवाला आणि एक माझ्या बरोबरीने उभा राहणारा झिलकरी. तिघांनी पांढरे धुतलेले कपडे घातले होते. बुवांच्या हातात खताची रिकामी पिशवी होती आणि तिच्यात डफ होता, त्याचा गोल आकार पिशवीतूनही दिसत होता. त्यांनी मांडवात नजर फिरवली. खुर्च्या पाहिल्या. मग मला बाजूला घेऊन हळू विचारलं, "कवा उभं राह्याचं?"

मी म्हणालो, "घरच्यायचं मन नाई, बुवा."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. घरच्यांचं मन नाही. घरच्यांना मी विचारलंच नव्हतं. बुवा माझ्याकडे पाहत राहिले, रागाने नाही, काहीतरी ऐकू येतंय का ते पाहावं तसे. मग म्हणाले, "बरं." आणि मागच्या दोघांकडे वळून, "चला मंग, जेवाले बसा. नाई तं आपल्यासाठी पुन्हा पंगत लागन." ढोलकीवाला म्हणाला, बिनवाजवता जेवाची पह्यलीच खेप हाय बुवा. बुवा त्याला म्हणाले, तुह्या वाजवन्यावर असतं तं कवाच उपाशी मेलो असतो. दोघं थोडे हसले. मी नाही.

मी त्यांना स्वतः वाढलं. आलू-वांग्याची भाजी, वरणभात, वडे, बुंदी. नको नको म्हणत असताना बुंदी दुसऱ्यांदा टाकली. बुवा मान खाली घालून जेवले. तिकडे मांडवात भजनी मंडळाने सुरुवात केली होती, ते मीच वर्ध्याहून आणलं होतं, माइक लावून, आणि लोक आपसात कापसाच्या भावाचं बोलत होते. निघताना मी तिघांना एकेक ताट दिलं. बुवांनी आपलं ताट डफाच्या पिशवीत घातलं. फाटकातून बाहेर पडताना पिशवी खांबाला लागली आणि ताट डफावर आपटून एक ठोका वाजला. त्या दिवशी तेवढाच वाजला.

माणूस जाण्याचं दुःख मला ठाऊक आहे. आई-वडील दोघं माझ्या हातावर गेले. हे तसं नाही. एखाद्याचं जाणं आपण पचवतो, कारण त्यात आपला हात नसतो. दौलतभाऊंना मी त्यांच्याच अंगणात गप्प केलं, आणि त्यांनी आयुष्यभर ज्या एका शब्दाचा अर्थ मला समजावून सांगितला होता तोच मी विसरलो असं दाखवलं. विसरलो नव्हतो. मुख्याध्यापकांसारखा मीही दारात उभा राहून, त्यात काय शोधायचं, असं म्हणून निघून गेलो.

पंधरा-वीस दिवसांनी मी श्रावणबुवांच्या गावी गेलो. ते गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं, घरच्यांचं मन होतं, माझंच नव्हतं. ते ऐकून घेत राहिले, हातातला कडबा टाकत राहिले. मी म्हणालो, बुवा, अजून करू. वर्षश्राद्ध येईल, त्याच्या आधीही करता येईल, तुम्ही म्हणाल तेव्हा. ते म्हणाले, "आता नाई होत." मी विचारलं, का? रुसलात का? ते म्हणाले, रुसाचं वय हाय का? मग कडबा खाली ठेवून ते सांगू लागले, दौलतच्या ओळी दौलतपाशी होत्या. तेरवीसाठी म्हणून त्याने दवाखान्यातून फोनवर मला खेळाच्या सुरुवातीला म्हणायचा एक नवीन गण सांगितला होता, चार-चार शब्द करत, दम टाकत. मी रोज म्हणून पाहायचो, तेरवीपर्यंत डोक्यात राहावा म्हणून. त्या दिवशी घरी आलो अन् सोडून दिला. आता आठवत नाही. "जुनं काई म्हना, म्हनतो. ते गेलं."

मला तिथे बसवेना. चहा न घेताच निघालो, आणि मोटरसायकल आपसूक आमच्या गावाकडे वळली.

दुपार होती. पंचफुला वहिनी घरात एकट्याच होत्या. प्रशांत त्यांना पुलगावला चला म्हणत होता आणि त्या, पाहू, म्हणत होत्या. मी उरलेली ताटं परत घ्यायला आलो असं काहीतरी सांगितलं. त्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी दाराच्या चौकटीतच उभा राहिलो आणि उभ्याउभ्या सगळं बोलून टाकलं. दवाखान्यातलं, खुर्च्यांचं, बुवांना काय सांगितलं ते. त्यांचा हात डाळीत फिरत होता. खडे बाजूला काढत होत्या.

"मी लुगडं बदलून बसली होती," त्या म्हणाल्या. "मले वाटलं आता बोलावतीन, मंग बोलावतीन. आतून डफ आयकू येते का, म्हनून खिडकी उघडून ठेवली होती. भजनच आयकू ये."

 

मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांची आई गेली होती. माहेर तुटलं, इथे कोणाशी ओळख नाही, नवरा दिवसभर शाळेत. "मले गमेच नाई, भाऊजी. निवडाले बसली का डोळे भरून येत, खडे दिसत नसत." तेव्हा दौलतभाऊ दुपारच्या सुट्टीत घरी येऊ लागले. आणि मी जिथे उभा होतो तिथे, चौकटीला हात लावून उभे राहायचे आणि एक ओळ टाकायचे. वहिनींना म्हणायचे, तू काही करू नको, फक्त शेवट धर. तेव्हापासून रोज. सुट्टीच्या दिवशीही, निवृत्त झाल्यावरही, दम लागायला लागल्यावर अर्धी ओळ म्हणून. दवाखान्यात नेईपर्यंत. गावाने त्यांना मधल्या मोकळ्या जागेत उभं राहिलेलं पाहिलं. हे कोणीच पाहिलेलं नव्हतं. भिंतीपलीकडे राहून मलाही माहीत नव्हतं.

"ओळ येते का तुमाले?" वहिनींनी विचारलं. "तुमी मागं उभे राहत होते."

मी आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं. इतकी वर्षं मागे उभा राहिलो, आणि जे आठवत होतं ते सगळं शेवटचं होतं. ओळ समोरून यायची, ती आपल्याला यायला हवी असं कधी वाटलंच नाही.

"नाई वहिनी. मलेही शेवटच येते."

त्यांनी मान हलवली. जणू हे त्यांना माहीतच होतं. सूप मांडीवर नीट घेतलं आणि चौकटीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. हात थांबला. काही क्षण गेले, एक ओळ म्हणायला लागतो तेवढा वेळ… मग बारीक, खरखरीत आवाजात त्यांनी शेवट धरला. परत थांबल्या. परत तेवढाच वेळ गेला, बाहेर कुठे कोंबडं ओरडत होतं, आणि परत त्यांनी शेवट धरला. तेव्हा मला कळलं की मी कोणाच्या जागेवर उभा आहे. मी चौकटीतून सरकलो, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसलो, आणि पुढची ओळ होऊ दिली. ती पूर्ण झाल्यावर मीही शेवट धरला.